दैनंदिन अर्थसल्ल्याचे गद्य आणि पुणतांब्याची ऋणभाषा

वैयक्तिक अर्थव्यवहाराविषयी नियतकालिकांतून सल्ला देणारा स्वतंत्र लेखक हा मराठी गद्यव्यवहारातील अलीकडचा, परंतु आता स्थिरावलेला घटक होय. तो पतसंस्थेचा सेवक नसतो, वृत्तपत्राच्या पगारी संपादकवर्गातही मोडत नाही. लेखागणिक मानधन घेऊन घरखर्च, बचत, विमा, कर्जफेड, उतारवयाची तरतूद ह्या विषयांवर तो लिहितो. त्याच्या लेखनाची परीक्षा सामान्यतः अर्थशास्त्राच्या निकषांवर होते. वस्तुतः त्याचे निम्मे काम भाषेचे असते. वाचकापाशी पैशाविषयीचा एक पूर्ण शब्दसंग्रह अगोदरच असतो. बँक, विमा कंपनी आणि शासन दुसरा वापरतात. दोहोंत पुष्कळदा शब्द तेच असतात, अर्थ मात्र भिन्न. हा भेद लेखकाने उघड करून दाखविला नाही, तर गणित बिनचूक असूनही सल्ला विपरीत पोहोचतो.

ह्या भेदाचे स्वरूप पाहण्यास पुणतांबा हे गाव सोयीचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्यात गोदावरीकाठी वसलेले, चांगदेवांच्या समाधीमुळे परिचित असलेले हे गाव २०१७ साली शेतकरी संपाचे उगमस्थान ठरले. १ जून २०१७ पासून शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखून धरण्यात आला आणि ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी राज्यभर गाजली. ह्या परिसरातील ऋणाचा प्रश्न जुना आहे. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ साली झालेला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी होता. येथील वाचक ऋणाची भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेला आहे. तिचे धडे त्याला लेखकाकडून घ्यावयाचे नाहीत.

ह्या भाषेतील पहिला अडसर ‘टक्का’ ह्या शब्दाचा. खाजगी सावकारीत ‘पाच टक्क्यांनी पैसे घेतले’ असे म्हटले जाते, तेव्हा तो दर दरमहाचा असतो. बँकेच्या कागदावरील ‘बारा टक्के’ हा दर सालाचा. मुदतीचा शब्द दोन्हीकडे अध्याहृत राहतो आणि ऐकणाऱ्यास पाच हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो. प्रत्यक्षात १०,००० रुपयांवर दरमहा ५ टक्क्यांनी वर्षाचे सरळ व्याजच ६,००० रुपये होते. न भरलेले व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिळवीत गेल्यास वार्षिक दर सुमारे ८० टक्क्यांवर जातो. तेव्हा ‘दरसाल’ किंवा ‘दरमहा’ हा शब्द आकड्यापूर्वी लिहिणे ही शैलीची बाब नव्हे. तीवर वाचकाची जमीन अवलंबून असू शकते. तीच गोष्ट ‘उसने’ व ‘कर्ज’ ह्या जोडीची. उसनवारीस व्याज नसते, कागदही नसतो. म्हणून ‘तुमचे कर्ज किती?’ ह्या प्रश्नाच्या उत्तरात ती सहसा येत नाही. घराचा ताळेबंद मांडावयास सांगणाऱ्या लेखकाने ती वेगळी विचारली पाहिजे.

दुसरा अडसर नव्या पारिभाषिक शब्दांचा. ‘परतावा’ हा शब्द ‘परतणे’ ह्या क्रियापदापासून आलेला. आयकराच्या संदर्भात त्याचा अर्थ जादा भरलेली रक्कम परत मिळणे असा होतो. गुंतवणुकीच्या संदर्भात मुद्दलावर झालेली प्राप्ती असा. शिवाय करखात्याकडे भरावयाचे विवरणपत्र बोलण्यात ‘रिटर्न’ ह्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे इंग्रजीतील एका शब्दाचे तीन अर्थ मराठीत अडीच शब्दांत विभागले गेले आहेत. ‘दहा टक्के परतावा’ हे वाचून मुद्दल निश्चित परतणार अशी समजूत झाली, तर तिचे मूळ त्या धातूतच आहे. जेथे प्राप्तीची हमी नाही, तेथे ‘मिळेल’ ऐवजी ‘मिळू शकेल’ आणि ‘परतावा’ ऐवजी ‘नफा किंवा तोटा’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

अर्थपरिवर्तनाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘दामदुप्पट’ हे होय. हिंदू धर्मशास्त्रातून आलेल्या व मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मानलेल्या ह्या नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. शब्दाचा रोख धनकोला आवर घालण्याकडे होता. तो ऋणकोचे कवच होता. आज हाच शब्द वृत्तपत्रांत बहुधा ठेवीदारांच्या फसवणुकीच्या बातम्यांत आढळतो: अल्पकाळात पैसे दुप्पट करून देण्याचे आमिष म्हणजे ‘दामदुप्पट योजना’. मर्यादा सांगणारा शब्द आश्वासन सांगू लागला. अशा आमिषाचे उत्तर अर्थलेखक साध्या हिशेबाने देऊ शकतो. ७२ ह्या संख्येस वार्षिक दराने भागले असता रक्कम दुप्पट होण्याची वर्षे स्थूलमानाने निघतात. किसान विकास पत्रास एप्रिल २०२३ मध्ये ठरविलेल्या ७.५ टक्के दराने ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. दोन वर्षांत दुप्पट म्हणणारा सालाना ४१ टक्क्यांहून अधिक वाढ कबूल करीत असतो.

आता पुणतांब्याच्या मागणीकडे वळू. ‘माफी’ ह्या शब्दात अपराध गृहीत धरलेला आहे. म्हणून शेतकरी संघटनेच्या विचारपरंपरेने ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आग्रहाने वापरला. संपानंतर जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द होता, तर डिसेंबर २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’. परंतु शब्दांच्या ह्या बदलाने वाचकाचा हिशेब संपत नाही. २०१७ च्या योजनेत लाभाची मर्यादा दीड लाख रुपये होती. थकबाकी त्याहून अधिक असल्यास वरची रक्कम शेतकऱ्याने स्वतः भरल्यावरच लाभ मिळावयाचा होता. ‘सातबारा कोरा’ हेही लाक्षणिक वचन आहे. उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ ह्या रकान्यातील बोजा घोषणेने पुसला जात नाही. धनको संस्थेचा बेबाकी दाखला व त्यावरून होणारी फेरफार नोंद ह्यांनी तो उतरतो. घोषणेची भाषा आणि नोंदीची भाषा ह्यांतील हे अंतर सांगणे, हे अर्थलेखकाचे खरे कार्यक्षेत्र होय.

अखेरीस वाक्यरूपाचा विचार. ‘ही ठेव ठेवा’ हा आज्ञार्थ, ‘ठेव ठेवावी’ हा विध्यर्थ आणि ‘अशा ठेवींवर व्याज कमी मिळते’ हे विधान, ह्यांतील उत्तरदायित्व सारखे नाही. ‘सेबी’च्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार विनियमांनी बाजाराच्या कलाविषयी सद्भावनेने केलेल्या सर्वसाधारण टिप्पणीस नोंदणीतून सूट दिली, अट अशी की, तिने विशिष्ट रोखा किंवा गुंतवणूक योजना निर्दिष्ट करू नये. विशेषनाम वाक्यात येताच टिप्पणीचे स्वरूप पालटते, हे येथे कायद्यानेही मानले. म्हणून ज्या लेखकास एखादी योजना विकणाऱ्याकडून मोबदला मिळतो, त्याच्या लेखातील विशेषनामे वाचकाने प्रथम तपासावीत.

सारांश, ह्या गद्यप्रकाराचे मूल्यमापन करताना चार गोष्टी पाहाव्यात: दरापाशी मुदत लिहिली आहे काय, वाचकाच्या शब्दाचा अर्थ जपला आहे काय, हमी व शक्यता ह्यांची क्रियापदे निराळी आहेत काय, आणि जोखीम कोणाची हे कर्त्यासह सांगितले आहे काय. मराठीत कर्ता गाळता येतो. कर्ज मात्र कोणीतरी फेडावेच लागते.