टाळ वाजतात, गळा कुठे गेला?

आमच्या बेळगावात जुन्या कॅसेटींचा एखादा डबा नाही असे मराठी घर विरळा. त्यात लग्नातील मंगलाष्टके असतात, नातवंडांचे बोबडे बोल असतात, कोण्या आजोबांचे एकादशीचे भजन असते. अलीकडे या कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याची प्रथा पडली आहे व ती स्तुत्यच आहे. परंतु उतरवलेले नीट ऐकू येईना म्हणून मूळ कॅसेटच भंगारात निघाली, असा प्रकार नुकताच आमच्या डोळ्यांदेखत घडता घडता राहिला.

शहापुरात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे घर आहे. व्यवसाय विणकामाचा, माजघरापलीकडे यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर चालू. त्याचे वडील भजनी मंडळात मुख्य गाणारे होते. १९८७ सालच्या आषाढी एकादशीला कोणीतरी देवळात दोन मायक्रोफोनांचा टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांचे भजन मुद्रित केले. वडील पुढे १९९४ साली निवर्तले. त्यांचा आवाज राहिला तो एवढ्या एका कॅसेटीत. गेल्या दिवाळीत पुण्याच्या नातवाने ती संगणकावर उतरवली आणि आपला जुना लॅपटॉप, हेडफोनसह, आजींसाठी ठेवून गेला. आजींना कमी ऐकू येते. लॅपटॉपच्या स्वतःच्या बारीक आवाजाचा त्यांना उपयोग नव्हता.

पुढे काही महिन्यांनी आम्ही सहज गेलो असता आजी म्हणाल्या, "गुरुजी, टाळ ऐकू येत्यात, पेटी बी येतीय. हेच तेवढे गप्प बसल्यात."

आम्ही हेडफोन कानाला लावला. खरोखरच टाळ खणखणत होते, एका बाजूला पखवाज घुमत होता, पेटीचे स्वर होते. पण गाणारा नव्हता. मुलाने सांगितले की, दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले तेव्हा ध्वनीचा भागच बदलावा लागेल, असे उत्तर मिळाले. शेजाऱ्यांचे मत पडले की टेपच झिजली. टेपरेकॉर्डर तर केव्हाच बंद पडलेला. तेव्हा तो आणि कॅसेटींचा डबा दोन्ही भंगारवाल्यासाठी ओट्यावर काढून ठेवले होते.

आम्हीही प्रथम शहाणपणाचे काही केले नाही. आवाज वाढवून पाहिला, दुसऱ्या प्रोग्रॅमवर फाईल लावली, असलेल्या नसलेल्या सर्व खुणा बदलल्या. यात पाऊण तास गेला. शेवटी आजीच म्हणाल्या, "आत कुठंतरी लांब हाय बघा आवाज. आडातनं हाक मारल्यागत."

या वाक्याने आम्ही जागे झालो. आवाज पुसला गेला असता तर त्याचा प्रतिध्वनी तरी कोठून उरला असता? आणि आम्हास आमच्या शाळेचे एक स्नेहसंमेलन आठवले. त्या दिवशी संगणक ध्वनिक्षेपकाला जोडला आणि गाणाऱ्या बाईचा आवाज नाहीसा होऊन मुलींना नुसत्या ढोलकीवर नाचावे लागले होते.

आम्ही हेडफोनची पिन उपटून काढली. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून, किरट्या पण स्वच्छ आवाजात, अभंगाचा पुढचा चरण सुरू झाला. मुलगा मागावरून उठून आला. आजींना मात्र काहीच ऐकू आले नाही. त्या आमच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

दोष पिनेच्या खोबणीत होता. विणकराचे घर, हवेत कापसाचे तंतू सदैव उडत असतात. ते खोबणीत साचून घट्ट बसले होते आणि पिन शेवटपर्यंत आत जात नव्हती. आम्ही लॅपटॉप बंद करवून लाकडी दातकोरणीने तो कापूस हळूहळू उकरून काढला. सुई वा टाचणी येथे मुळीच वापरू नये. आतील नाजूक पट्ट्या वाकतात. पिन टक् असा आवाज करून बसली आणि आम्ही हेडफोन आजींच्या डोक्यावर चढवला. त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाल्या, "हितं खोकला आलाता त्यास्नी." आणि खरोखरच पुढच्या कडव्याआधी खोकल्याची एक उबळ मुद्रित झालेली आहे.

आता गळाच तेवढा का नाहीसा व्हावा? स्टीरिओ पद्धतीत डाव्या व उजव्या कानासाठी दोन निरनिराळी मुद्रणे असतात. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. गाणारा मध्ये असल्याने त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच उतरतो. टाळकरी डावी-उजवीकडे असल्याने त्यांचा आवाज एका बाजूस अधिक पडतो. पिनेवर डाव्याचा एक भाग, उजव्याचा एक आणि दोहोंच्या परतीच्या प्रवाहाचा एक सामायिक भाग असतो. मोबाईलच्या हेडफोनात मायक्रोफोनचा चौथा भागही असतो. हा सामायिक भाग सुटला की डाव्या बाजूचा प्रवाह दोन्ही कर्ण्यांतून उजवीकडे जाऊ पाहतो. सारख्या पातळीच्या दोन टाक्या नळीने जोडल्या तर पाणी हलत नाही. तसेच येथे जे दोन्हीकडे सारखे ते निःशब्द होते आणि केवळ फरक तेवढा ऐकू येतो. देवळाच्या भिंतींवरून परतलेला प्रतिध्वनी दोन मायक्रोफोनांत सारखा पडला नव्हता, म्हणून तो उरला. आजींचा आड तो हाच. एकाच बाजूचे मुद्रण असलेल्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या अशा सुटलेल्या पिनेवर ऐकाल तर गायक आणि साथ दोन्ही जाऊन बहुधा खरखर तेवढी उरेल.

हे ताडून पाहण्याची युक्ती सोपी आहे. संगणकाच्या ध्वनीच्या खुणांत डाव्या-उजव्याचा तोल असतो, तो पूर्णपणे एका बाजूस सरकवावा. तसे करताच गळा परत आला, आणि तोही दोन्ही कानांत, तर दोष तारेत वा पिनेत आहे असे समजावे. मोबाईलचा हेडफोन न जुळणाऱ्या खोबणीत घातला तरीही असेच होते. तेव्हा दोरीवरील बटण दाबून धरले असता आवाज परतला, तर निदान पक्के.

आमच्या स्नेहसंमेलनातील घोटाळा याचाच भाऊबंद. ध्वनिक्षेपकाची मायक्रोफोनसाठी असलेली जागा दोन तारांतील फरकच तेवढा घेते. तीत स्टीरिओ पिन थेट खुपसली की गायक गारद. त्यासाठी दोन्ही बाजू वेगवेगळ्या नेणारी तार मिळते.

चित्रपटात पार्श्वसंगीत येते पण संवाद येत नाहीत, ही तक्रार निराळी. तेथे संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. संगणकाला सहा स्पीकर आहेत असे सांगितलेले असेल आणि घरात दोनच असतील, तर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात. ती खूण 'स्टीरिओ' करावी. काही संगणकांत गायकाचा आवाज काढून टाकण्याची कराओकेची सोय असते, ती मुलांनी चालू ठेवलेली नाही ना, तेही पाहावे. आणि हेडफोनवर गळा आहे पण एकच स्पीकर असलेल्या मोबाईलवर नाही, असे असेल तर कॅसेट उतरवतानाच एका बाजूची तार उलटी लागली असावी. ऑडेसिटी या विनामूल्य प्रोग्रॅमने ती एक बाजू उलटवली की काम होते.

निघताना आम्ही ओट्यावरच्या डब्यातून ती कॅसेट काढून घेतली. तिच्या पाठीच्या कडेला दोन लहान प्लॅस्टिकच्या पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर सहजासहजी पुन्हा मुद्रण करता येत नाही. दोन्ही पाकळ्या शाबूत होत्या. इतकी वर्षे त्या भजनावर कोणी सिनेमाची गाणी भरली नाहीत, हे नशीबच. मुलाने त्या मोडल्या, आजींनी कॅसेट पदराने पुसली, आणि ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, पोथीशेजारी ठेवली.