टिपणे जमवावीत, पण कशी?

आमच्या अंबाजोगाईच्या इतिहासाविषयी कोणी टिपणे जमवू लागला, की पहिली अडचण गावाच्या नावाचीच येते. कोणी आंबेजोगाई लिहितो, कोणी अंबेजोगाई. निजामी अमदानीतल्या कागदांत तर हेच गाव मोमिनाबाद म्हणून भेटते. संगणकावर टिपणे ठेवली, की शोधताक्षणी सापडतील असे आपण धरून चालतो. पण संगणकाला अक्षरे कळतात, गाव कळत नाही. 'अंबाजोगाई' शोध म्हटले, तर मोमिनाबादचे टिपण तो पुढे करणार नाही. तेव्हा अशा प्रत्येक टिपणाला आपण ठरवलेली एकच खूण, म्हणजे टॅग, स्वतः जोडावी लागते. झोटेरो किंवा ऑब्सिडियन या सॉफ्टवेअरांत ती सोय आहे, आणि एकाच टिपणाला चार खुणा लावल्या तरी चालते. कागदाच्या चिठ्ठीला मात्र एकाच खणात बसावे लागे.

म्हणून कागदाला कमी लेखू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत कोशाचे काम आरंभिले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या चिठ्ठ्यांचा उपयोग होतो, कारण शब्द कोणत्या ग्रंथात कोठे आला हे त्यांवर नोंदलेले असते.

आपण नेमके हेच विसरतो. मुकुंदराजांची समाधी आमच्या गावची, असे आम्ही मानतो. विदर्भातले आंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगते. दोन्ही बाजूंची कात्रणे जमवली, पण कोण, कोठे, केव्हा लिहितो हे टिपले नाही, तर निवाडा कशावरून करायचा? माझ्यापाशी असेच एक वृत्तपत्राचे कात्रण आहे. मजकूर उत्तम, पण तारीख कात्रीबाहेर राहिली. ते आज मला कोठेच आधाराला घेता येत नाही. २००६ मध्ये निघालेले झोटेरो हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. ते संकेतस्थळावरचे पान उचलताना त्याचा पत्ता आणि उचलल्याची तारीखही सोबत ठेवते. जुन्या ग्रंथाचे छायाचित्र घेतले, तर ही माहिती आपणच भरायची. त्याला आळस करू नये!

दुसरा घोटाळा अक्षरांचा. छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्यात 'मुकुंदराज' शोधले तर हाती काही लागत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. छायाचित्रातला मजकूर यंत्राकडून वाचून घेता येतो खरा. पण जोडाक्षरांशी ते अडखळते, म्हणून मूळ पान शेजारी ठेवून तपासावे.

ऑब्सिडियनमधली टिपणे साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच संगणकात राहतात. ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, तरी त्या दुसऱ्या कशातही उघडतात. संगणकच बिघडला तर मात्र इलाज नाही. सगळ्या फाइलींची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी.