उजवीची डावी केलेली बासरी

निगडी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या व्यापारी घरांतून अलीकडे मुले बासरीच्या वर्गाला जाऊ लागली आहेत. आजोबांची त्याला सहसा हरकत नसते. वाद्याला चामडे नाही, तात नाही. बांबूची पोकळ नळी आणि वाजवणाऱ्याचा श्वास, हे त्यांच्या मनाला पटते. मात्र बारावीचे वर्ष आले की बासरी कपाटावर जाते आणि प्रश्न निघतो, यावर संसार चालेल का? पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्या घरी या प्रश्नाचे स्वरूप याहून कठोर होते.

१ जुलै १९३८ रोजी अलाहाबाद येथे त्यांचा जन्म झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. वडील पहिलवान, मुलाने आखाडाच गाजवावा, ही त्यांची इच्छा. मुलगा मातीत उतरत असे आणि वडिलांच्या नकळत शेजारच्या पंडित राजाराम यांच्याकडे गायन शिकत असे. पुढे वाराणसीचे पंडित भोलानाथ प्रसन्ना यांची बासरी कानी पडली आणि दिशा निश्चित झाली. आखाड्यातील मेहनतही वाया गेली नाही. बासरीला लागणारा दमसास त्या मेहनतीने दिला, असे ते स्वतः सांगत आले आहेत.

१९५७ साली त्यांना कटकच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरी मिळाली. त्याच दशकात आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला होता. दरमहा मिळणाऱ्या सरकारी पगाराचे मोल त्या पिढीला समजावून सांगावे लागत नसे. पुढे मुंबईला बदली झाली, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत मागणी वाढली आणि अखेर त्यांनी नोकरी सोडली. व्यापारात आपण ज्याला जम बसणे म्हणतो, तो बसला होता.

आणि नेमके त्याच वेळी त्यांना आपले शिक्षण अपुरे वाटू लागले. उस्ताद अलाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी सुरबहार वाजवीत, परंतु जाहीर मैफली सोडून त्या मुंबईत एकांतात राहत होत्या. त्यांनी या लोकप्रिय वादकाला सहजासहजी स्वीकारले नाही. पूर्वीचे सर्व विसरून पहिल्यापासून आरंभ करण्याची तयारी हवी, ही त्यांची अट. हरिप्रसादांनी त्याचा पुरावा दिला. उजवीकडे धरली जाणारी बासरी त्यांनी डावीकडे धरली. हातांची जागा बदलली म्हणजे बोटांना जडलेली वर्षानुवर्षांची सवय निरुपयोगी झाली. चालते दुकान बंद करून नव्या पेठेत उमेदवारी पत्करण्यासारखेच हे होते. हिशेबी माणसाला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. तरी बासरी आजतागायत डावीकडेच आहे.

याला एक पूर्वपीठिका आहे. बासरीला रागसंगीताच्या मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले ते पन्नालाल घोष यांनी. बारिसालचे हे बंगाली कलावंत १९४० साली मुंबईत आले. गंभीर आलापीसाठी त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी घडवली. चित्रपटांत नाव मिळवूनही १९४७ मध्ये, पस्तिशी गाठल्यावर, ते याच अलाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले. १९६० साली त्यांचे अकाली निधन झाले. बापाने एका बासरीवादकाला घडवले आणि लेकीने दुसऱ्याला, आणि दोघेही नाव कमावल्यानंतरच शिष्य म्हणून बसले.

हरिप्रसादांना भागीदारीही उत्तम साधली. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका संतूरवादक शिवकुमार शर्मा, गिटारवादक ब्रिजभूषण काबरा आणि तबलावादक माणिकराव पोपटकर यांच्या साथीने सिद्ध झाली. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस त्यांनी रागांच्या वेळा सांभाळून मांडला. कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही, हे ऐकताना जाणवते. पुढे शिव-हरी या जोडनावाने ‘सिलसिला’, ‘चांदनी’ आदी चित्रपटांना संगीत लाभले. २००० साली हरिप्रसादांना पद्मविभूषण मिळाले.

नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात त्यांनी दीर्घकाळ मार्गदर्शन केले. मुंबईत वृंदावन गुरुकुल उभारले; २०१० साली भुवनेश्वरलाही तसेच गुरुकुल सुरू झाले. त्यांचे पुतणे व शिष्य राकेश चौरसिया यांना २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. गुरुकुलात विद्यार्थी गुरूच्या सहवासात राहून शिकतात, आणि नव्याने आलेल्याचे पहिले काम असते ते एकच स्वर लांबवर धरून ठेवण्याचे.