सहायक फौजदार तुकाराम ओंबळे

नाकाबंदी ही पोलिसांच्या कामांतील अगदीं नीरस बाब आहे. रस्त्यावर अडथळे मांडावयाचे, येणारी मोटार थांबवावयाची, आंतला दिवा लावण्यास सांगावयाचें आणि संशय न आल्यास तिला वाट द्यावयाची. रात्र अशीच उभ्यानें सरते. घरीं परतणाऱ्या गृहस्थास मात्र या अडवणुकीचा त्रासच वाटतो, आणि तो बहुधा तसें बोलूनहि दाखवितो. २००८ सालच्या २६ नोव्हेंबरच्या रात्रीं मुंबईंत गिरगांव चौपाटीपाशीं अशीच एक नाकाबंदी होती, आणि तिच्यावर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे उभे होते.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्यांतल्या केडंबे गांवचे. प्रथम त्यांनीं सैन्यांत नोकरी केली व पुढें १९९१ सालीं ते मुंबई पोलिसांत आले. सहायक फौजदार हा हुद्दा कांहीं मोठा नव्हे. वर्तमानपत्रांतून ज्यांचीं छायाचित्रें येतात त्या अधिकाऱ्यांच्या पुष्कळ खालीं हीं माणसें असतात.

त्या दिवशीं समुद्रमार्गानें आलेल्या दहा दहशतवाद्यांनीं शहरांत अनेक ठिकाणीं हल्ला चढविला होता. त्यांपैकीं दोघांनीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर प्रवाशांवर बेछूट गोळीबार केला आणि तेथून ते कामा रुग्णालयाकडे वळले. रुग्णालयाजवळच्या गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तीन अधिकारी त्यांच्या गोळ्यांस बळी पडले. पोलिसांचीच गाडी पळवून ते कांहीं अंतर गेले. ती निकामी होतांच त्यांनीं एक स्कोडा मोटार हिसकावून घेतली व मरीन ड्राइव्हनें चौपाटीची वाट धरली. बिनतारी यंत्रावरून ही वार्ता त्यांच्यापुढें धांवत होती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर ती मोटार नाकाबंदीपासून थोड्या अंतरावर येऊन थांबली. दिवे मालवा, असें पोलिसांनीं ओरडून सांगितलें. मोटार वळवून निसटण्याचा प्रयत्न झाला, पण ती रस्त्याच्या दुभाजकावर अडकली. गोळीबारांत चालविणारा इस्माईल खान ठार झाला. दुसऱ्या बाजूनें अजमल कसाब बाहेर आला. त्याच्या हातीं ए. के. ४७ जातीची बंदूक होती. ओंबळे यांच्या हातीं लाठी होती. ते पुढें धांवले आणि त्यांनीं ती बंदूक नळीकडूनच दोन्ही हातांनीं घट्ट धरली.

या कृतीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बंदुकीचें तोंड ज्या दिशेस असेल त्या दिशेचीं माणसें मरतात. ओंबळे यांनीं नळी धरली, तेव्हां ती दिशा त्यांच्या स्वतःच्या देहाची झाली. कसाबनें घोडा ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या पोटांत व छातींत शिरल्या, तरी नळी सुटली नाहीं. तेवढ्या अवधींत मागून आलेल्या सहकाऱ्यांनीं लाठ्यांनीं कसाबला झोडपून जेरबंद केलें. गोळ्या किती लागल्या, याचा आंकडा कथेगणिक वाढवून सांगण्याची पुढें चढाओढच लागली. वस्तुतः त्या आंकड्यांत कांहीं नाहीं. महत्त्वाची गोष्ट ती पकड, आणि ती जितका वेळ टिकली तो वेळ.

दहांपैकीं जिवंत हातीं लागला तो हा एकटाच. याचें मोल पुढें न्यायालयांत कळून आलें. हल्लेखोर बाहेरचे नसून भारतांतीलच आहेत असा भास उत्पन्न करण्याची योजना आधींच झालेली होती. त्यांच्याजवळ हिंदु नांवांचीं खोटीं ओळखपत्रें होतीं, आणि 'डेक्कन मुजाहिदीन' अशा नांवानें एक पत्रहि वृत्तसंस्थांकडे धाडण्यांत आलें होतें. दूरध्वनीवरील संभाषणें पोलिसांनीं टिपलीं होतीं हें खरें. पण आवाजाला गांव नसतें. जिवंत माणसाला गांव असतें, घर असतें, आईबाप असतात. हा मनुष्य आमचा नागरिक आहे, असें २००९ सालच्या जानेवारींत पाकिस्तानलाहि मान्य करावें लागलें.

येथें कायद्याची एक बाब सांगणें अवश्य आहे. त्या वेळीं लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणें पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध ग्राह्य धरीत नसत. म्हणून कसाबला मॅजिस्ट्रेटपुढें उभें करून, विचार करण्यास अवधि देऊन, त्याचा जबाब फेब्रुवारी २००९ मध्यें नोंदविण्यांत आला. पुढें त्यानें तो फिरविलाहि. त्याला सरकारी खर्चानें वकील देण्यांत आला, साक्षीदार तपासण्यांत आले, आणि ६ मे २०१० रोजीं विशेष न्यायालयानें त्यास मृत्युदंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयानें २९ ऑगस्ट २०१२ रोजीं ती शिक्षा कायम केली; त्याच वर्षीं २१ नोव्हेंबरला येरवड्यास तिची अंमलबजावणी झाली. १६६ माणसें ज्या हल्ल्यांत मेलीं त्याचा न्याय चार वर्षें चालला, हें कांहींना तेव्हां रुचलें नाहीं. सरळ गोळी घालावयास हवी होती, असें पुष्कळांनीं म्हटलें. असें म्हणणारांना एका गोष्टीचा विसर पडतो. गोळी घालणें चौपाटीवरच सोपें होतें. जिवंत धरणें कठीण होतें, आणि त्या कठीण गोष्टीसाठींच एका माणसानें प्राण वेंचले होते.

२६ जानेवारी २००९ रोजीं ओंबळे यांस मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालें. शांततेच्या काळांतील शौर्याचें हें सर्वोच्च पदक करकरे, कामटे व साळसकर यांनाहि त्याच वेळीं मिळालें. मानाच्या यादींत तरी हुद्द्यांचें अंतर उरलें नाहीं.

आणखी एक आठवण थोडी वेगळी आहे. ठाणें-कल्याण भागांत कोळ्याची एक नवी जात आढळली. संशोधकांनीं २०२१ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध करतांना तिला 'आयसियस तुकारामी' असें नांव दिलें. शास्त्रीय नांवांची भाषा लॅटिन, आणि शेवटचा ईकार ही तिची षष्ठी, म्हणजे 'तुकारामाचा'. हा कोळी ज्या कुळांतला आहे, तें कुळ भक्ष्यासाठीं जाळें विणीत नाहीं. उडी घालून तें धरतें.