रेताड पोयटा जमीन : तिचे गुण, तिची प्रत व तिची परीक्षा

जमीन चांगली कोणती, असा प्रश्न विचारला असतां बहुतेक शेतकरी काळ्या, खोल व चिकण जमिनीचें नांव घेतात. हें उत्तर ज्वारी-गव्हाच्या देशांत खरें असेल. आपल्या डहाणू-तलासरीकडे तें सरसकट लागू पडत नाहीं. येथील चिकूची बाग ज्या जमिनीवर वाढली, ती जुन्या हिशेबानें हलकीच गणली गेली असती. यास्तव रेताड पोयट्याचे खरे गुण कोणते व ही जमीन ओळखावी कशी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

समुद्राकडून डोंगराकडे जातां आपल्या भागांत जमिनीचे चार प्रकार स्थूलमानानें दिसतात. घोलवड-बोर्डीच्या बंदरपट्टींत रेताड पोयटा आहे. खाड्यांच्या कांठीं खारी खाजणें आहेत. आंतील सखल भागांत भाताचीं चिकण खाचरें आहेत. आणि पूर्वेस डहाणूच्या जंगलपट्टींत व तलासरींत काळ्या दगडाच्या झिजेपासून झालेली उथळ, तांबूस, मुरमाड वरकस जमीन आहे. या पूर्वभागांतहि ओहोळांच्या कांठीं गाळ सांचून झालेल्या पोयट्याच्या अरुंद पट्ट्या मधून मधून आढळतात.

मातीचे कण आकारमानानें तीन जातींचे मानितात. २ ते ०.०५ मिलिमीटरपर्यंतचे कण ती वाळू, त्याखालीं ०.००२ मिलिमीटरपर्यंतचा तो गाळ. आणि त्याहूनहि बारीक ती चिकण. ज्या मातींत वाळू निम्म्याहून अधिक, चिकण शेंकडा २० पर्यंत व बाकीचा गाळ असतो, तिला सामान्यतः रेताड पोयटा म्हणतात. वाळूच्या योगें तींत पाणी व हवा खेळते, आणि थोड्या चिकणीच्या योगें ओल व खत धरून राहतें.

या मिश्रणाचा मुख्य लाभ निचरा हा होय. एकदां भिजल्यानंतर रेताड पोयट्यांत दर ताशीं सुमारें २० ते ३० मिलिमीटर पाणी मुरतें. निव्वळ चिकण जमिनींत १ ते ५ मिलिमीटरच मुरतें. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस ज्येष्ठ ते आश्विन या महिन्यांत पडून जातो. अशा वेळीं चिकण जमिनींत पाणी तुंबतें, मातींतील हवा निघून जाते व फळझाडांचीं मुळें गुदमरतात. भातास हें मानवतें, चिकूस मानवत नाहीं. रेताड पोयट्यास पावसाची उघडीप मिळतांच लवकर वाफसा येतो.

परंतु ज्या दारानें पाणी जातें, त्याच दारानें खतहि जातें. नत्राचा विद्राव्य भाग पावसाबरोबर मुळांच्या खालीं उतरतो. म्हणून नत्रखत एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावें, व मुसळधार पावसाच्या तोंडावर देऊं नये. पिकास घेतां येईल अशी ओल या मातींत हातभर खोलीस जेमतेम ५ सेंटिमीटर राहते. चिकण जमीन याहून बरीच अधिक धरते. यासाठीं उन्हाळ्यांत पाणी थोडें पण वरचेवर द्यावें. शेणखत, हिरवळीचें खत व झाडाखालीं पडलेला पालापाचोळा हें या जमिनीचें खरें भांडवल आहे. पाला जाळणें म्हणजे भांडवल जाळणें होय. किनाऱ्यानजीकच्या विहिरींतून पाण्याचा फाजील उपसा केल्यास समुद्राचें खारें पाणी आंत शिरतें, ही गोष्टहि ध्यानांत ठेवावी.

आतां प्रतीविषयीं. मुंबई इलाख्यांत विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनीं १८४७ सालीं धाराआकारणीचे जे नियम घालून दिले, त्यांत देशावरील जिराईत जमिनीच्या नऊ प्रती होत्या. त्यांची किंमत १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत उतरत जाई. प्रत ठरे ती मातीचा रंग, पोत व खोली यांवरून; आणि कांहीं दोष आढळल्यास ती खालीं उतरविली जाई. त्या दोषांच्या यादींत मातींतील वाळूचें मिश्रण व चुनखडीचे कण हे दोन्ही होते. कोंकणांतील भातजमिनीची आकारणी निराळ्या रीतीनें होत असे; पण आपण काळ्या जमिनीस उंच व रेताडीस नीच मानतों, ती दृष्टि याच विचाराची आहे.

चिकूनें हा हिशेब उलटा करून दाखविला. मध्य अमेरिकेकडील हें झाड घोलवडच्या रेताड मातींत चांगलेंच रुजलें. आणि २०१६ सालीं ‘डहाणू घोलवड चिकू’ यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्याची विशेष गोडी घोलवडच्या चुनायुक्त मातीमुळें येते, असें मानिलें जातें. म्हणजे आकारणींत जे दोन दोष होते, तेच येथें कीर्तीस कारण झाले. आकारणी करणारे चुकले असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं जिराईत धान्याच्या दृष्टीनें जमीन मोजली. प्रत ही नुसत्या मातीची नसते, ती माती व पीक या जोडीची असते.

हल्लींच्या शास्त्रीय पद्धतींत जमिनीचे क्षमतेनुसार आठ वर्ग करितात. पहिले चार लागवडीस योग्य गणले जातात. आणि उणीव धुपेची, पाणथळपणाची कीं मुळांच्या थरांतील, हें वर्गापुढें अक्षरानें दाखवितात. मुळांच्या थराचा हा विचार फार महत्त्वाचा आहे, व तोच आपण विसरतों. आमचाच अनुभव सांगतों. बागेच्या सखल कोपऱ्यांत वरची माती इतर जागेसारखीच रेताड पाहून आम्ही चिकूचीं कलमें लाविलीं. चौथ्या पावसाळ्यांत पानें पिवळीं पडून शेंडे वाळूं लागले, तेव्हां आम्ही खणून पाहिलें. दोन हातांखालीं करड्या चिकणीचा थर निघाला. तोंवर चार वर्षें फुकट गेलीं होतीं. जें खणणें मागाहून केलें, तें आधीं करावयास हवें होतें.

म्हणून लावणीपूर्वीं पुढील परीक्षा कराव्या. मूठभर माती ओली करून गोळा वळावा. गोळा होतो पण हातीं खेळवितांच फुटतो, व दाबून पट्टी काढूं जातां ती इंचभरहि न होतां तुटते, तर माती रेताड पोयट्याची समजावी. बरणींत माती व पाणी घालून ढवळावें; वाळू एक-दोन मिनिटांत तळीं बसते, गाळ कांहीं तासांनीं, आणि चिकणीनें पाणी दिवसभर गढूळ राहतें. मातीवर शिरक्याचे थेंब टाकून फेंस आल्यास तींत चुना आहे. चुना फार असेल तर झाडास लोह व जस्त कमी मिळून कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा हिरव्या राहतात.

सर्वांत मुख्य परीक्षा खड्ड्याची. जागोजाग तीन हात खोल खड्डे खणावे. खालपर्यंत रंग एकसारखा पिवळट वा तपकिरी असेल तर निचरा चांगला. करडा अगर निळसर रंग व गंजासारखे डाग दिसल्यास तेथें पाणी तुंबतें असें जाणावें. खड्ड्यांत वीतभर पाणी भरावें, तें जिरल्यावर पुन्हां भरावें. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं तें शिल्लक असल्यास ती जागा चिकूस देऊं नये, भातास द्यावी. श्रावणांत खड्ड्यांत खालून पाणी वर येतें काय, हेंहि पाहावें. शंका राहिल्यास कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

चिकूचीं कलमें ३३ फुटांवर लावितात व तीं कित्येक दशकें जागा अडवितात. भाताची चूक पुढील सालीं सुधारतां येते. बागेची चूक मुलाच्या हातीं जाते. यास्तव नवी लावणी करूं इच्छिणाऱ्या आमच्या सभासदांनीं एक पावसाळा खड्ड्यांस द्यावा व मगच रोपवाटिकेची वाट धरावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.