शब्दांच्या गुहेत पाऊल टाकताना

बदली हा बँकेतील नोकरीचा अविभाज्य भाग आहे, हे रुजू होताना आपण सारेच मान्य करतो. तिचा खरा अर्थ मात्र बदलीचा आदेश हाती पडतो त्या दिवशी उमगतो. तीन वर्षांपूर्वी माझी बदली साताऱ्याहून गुवाहाटीला झाली, तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. ती, तिचे बाबा आणि आजी साताऱ्यातच राहिले आणि मी दोन बॅगा घेऊन ब्रह्मपुत्रेच्या काठी आले. रोज रात्री आमचे बोलणे होई. "जेवलीस का?", "अभ्यास झाला का?", "उद्या पेपर कसला?" हे माझे तीन प्रश्न आणि "हो", "झाला", "गणिताचा" ही तिची तीन उत्तरे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकमेकींचा चेहरा दिसत असे, पण बोलायला विषय सापडत नसे. चार-पाच महिन्यांत आमचे संभाषण एखाद्या छापील अर्जासारखे झाले. रकाने ठरलेले, उत्तरेही ठरलेली.

या कोंडीतून आम्हा दोघींना बाहेर काढले ते एका जुन्या संगणकीय खेळाने. त्याची ओळख मला करून दिली आमच्या शाखेतील एका दृष्टिहीन सहकाऱ्याने. दुपारच्या सुट्टीत ते कानाला यंत्र लावून पडद्यावरचा मजकूर ऐकत आणि मध्येच कळफलकावर दोन शब्द टंकित करून स्वतःशी हसत. चौकशी केली तेव्हा कळले, की ते एका गुहेत आहेत आणि त्यांच्या वाटेत एक साप आडवा आला आहे!

खेळ म्हणजे नेमके काय?

या खेळांना टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. आपण त्यांना शब्दसाहस म्हणू या. त्यांत चित्रे नाहीत, संगीत नाही, हाताची चपळाईही नको. आपण कोठे उभे आहोत आणि भोवती काय आहे, याचे वर्णन पडद्यावर उमटते. आपण काय करू इच्छितो ते एक-दोन शब्दांत टंकित करायचे. संगणक त्याचा परिणाम सांगतो आणि पुन्हा आपल्या आज्ञेची वाट पाहतो. घड्याळ लावलेले नसते. चहा करून आलात, तरी गुहा होती तशीच असते.

सर्व काही शब्दांत असल्यामुळे मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने दृष्टिहीन व्यक्तीही हा खेळ इतरांच्या बरोबरीने खेळू शकते. त्याच कारणाने तो दूरध्वनीवरूनही खेळता येतो, हे माझ्या ध्यानात आले. रविवारी दुपारी मुलीने साताऱ्यात संगणकासमोर बसून वाचायचे आणि मी गुवाहाटीत कागद-पेन्सिल घेऊन ऐकायचे, असे आम्ही ठरवले.

एका पित्याने लेकींसाठी रचलेली गुहा

या प्रकारातील आद्य खेळाचे नाव अ‍ॅडव्हेंचर, म्हणजेच कोलोसल केव्ह. त्याचा कर्ता विल क्राउदर हा अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत काम करणारा आज्ञावलीकार. इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत त्याचा वाटा होता. गुहांचे संशोधन हा त्याचा छंद. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा. तिच्या शाखांचे मोजमाप आणि नकाशे यांचे काम तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया एकत्र करीत असत.

पुढे दोघे विभक्त झाले. गुहांची भ्रमंती थांबली आणि दोन लेकींचा सहवास भेटींपुरताच उरला. तेव्हा, सुमारे १९७५-७६ मध्ये, आपल्या परिचयाची गुहा त्याने शब्दांत उभी केली, ती मुख्यतः त्या लेकींना खेळता यावी म्हणून. संगणकाशी परिचय नसलेल्यालाही साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता यावी, हा त्यामागचा कटाक्ष होता. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स याने या खेळात भर घातली आणि साडेतीनशे गुणांची त्याची आवृत्ती सर्वत्र पसरली. हा इतिहास मला कळला, तेव्हा आपण योग्य खेळ निवडला याची खूणगाठ पटली.

पहिली पावले

खेळाच्या आरंभी आपण एका रस्त्याच्या टोकाला उभे असतो. समोर विटांचे लहानसे घर, सभोवार अरण्य, घरातून वाहत येणारा ओढा. आता काय, असा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. त्याच्यासाठी पुढील आज्ञा पुरेशा आहेत. खेळ इंग्रजीत असल्याने त्या अर्थातच रोमन लिपीत टंकित करायच्या.

चालण्यासाठी नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट, अप, डाउन. यांची केवळ आद्याक्षरेही चालतात. आत शिरण्यासाठी इन, बाहेर पडण्यासाठी आउट. स्थळाचे वर्णन पुन्हा वाचण्यासाठी लुक. वस्तू उचलण्यासाठी टेक आणि खाली ठेवण्यासाठी ड्रॉप, पुढे त्या वस्तूचे नाव. आपल्याजवळ काय काय आहे हे पाहण्यासाठी इन्व्हेंटरी. आपल्या भाषेत हाती असलेल्या मालाची यादी. अलीकडच्या खेळांत एखादी वस्तू निरखण्यासाठी एक्झामिन ही आज्ञा असते. तिचा सढळ वापर करावा.

जुन्या अ‍ॅडव्हेंचरला दोनच शब्दांची आज्ञा समजते आणि प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे तो वाचतो. त्यामुळे ईशान्येला जाण्यासाठी नॉर्थईस्ट असे पूर्ण लिहिले, तर त्याला ते उत्तरच वाटते! तेथे एन-ई ही दोन अक्षरेच लिहावीत. आज्ञा समजली नाही, तर संगणक तसे सांगतो. रागावू नये, दुसरे क्रियापद शोधावे.

विटांच्या घरात किल्ल्या, दिवा, खाद्य आणि पाण्याची बाटली मिळते. हे सारे उचलावे. ओढ्याच्या कडेने दक्षिणेला गेल्यास जमिनीत बसवलेली लोखंडी जाळी लागते. किल्ल्यांनी तिचे कुलूप उघडले की खाली गुहा सुरू होते. उतरताना दिवा लावण्यास विसरू नये, कारण अंधारात चालणारा खड्ड्यात पडतो. दिव्याची बॅटरीही मर्यादित असते. उजेडात तो मालवून ठेवावा. पौषात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. साताऱ्यात लख्ख ऊन असताना मी माझ्या खोलीतला दिवा लावी आणि तिकडून आवाज येई, "आई, मी पण लावला!"

नकाशा की खतावणी?

नवख्या खेळाडूची सर्वांत मोठी चूक म्हणजे नकाशा न काढणे. प्रत्येक दालनासाठी एक चौकोन काढावा, त्यात नाव लिहावे आणि ज्या दिशेने बाहेर पडलो तेथून रेघ ओढावी. कोणत्या दिशा अद्याप तपासलेल्या नाहीत, याचीही खूण करावी.

या गुहेत एक चक्रव्यूह आहे. त्यातील सर्व दालनांचे वर्णन अगदी एकसारखे, त्यामुळे आपण पुढे गेलो की फिरून तेथेच आलो हे कळत नाही. यावर उपाय असा, की प्रत्येक दालनात एकेक वेगळी वस्तू टाकत जावी. वस्तू दिसली की दालन ओळखता येते. मात्र यासाठी मौल्यवान वस्तू वापरू नयेत, कारण गुहेत एक समुद्री चाचा वावरतो आणि तो खजिना लांबवतो. मी प्रत्येक दालनाचे खाते उघडले आणि कोणत्या दिशेने कोठे जाता येते याची नोंद रकान्यांत केली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला एकच गोष्ट खटकली. उत्तरेने गेलो म्हणजे दक्षिणेने परत येऊच, अशी हमी तेथे नाही. येथे दुहेरी नोंद पद्धत चालत नाही! जातानाची आणि येतानाची वाट स्वतंत्रपणे तपासावी लागते.

बँकेच्या लोकांना आवडेल असा आणखी एक नियम आहे. गुहेत एकूण पंधरा खजिने आहेत, पण ते नुसते सापडून भागत नाही. विटांच्या घरात आणून जमा केल्यावरच त्यांचे पूर्ण गुण मिळतात.

पाखराची गोष्ट

या खेळातील खरे कौशल्य वाचनाचे आहे, हे मला माझ्या लेकीने शिकवले. गुहेत शिरल्यावर आम्हाला एक पिंजरा मिळाला, पुढे एक काळी काठीही मिळाली. पुढच्या एका दालनात एक पाखरू बसले होते. "टेक बर्ड लिही," मी म्हणाले. उत्तर आले, त्याचा आशय असा होता, की आपण आत आलो तेव्हा पाखरू निर्धास्त होते, मात्र जवळ जाताच ते बिथरले आणि हाती लागले नाही.

"पुन्हा लिही." तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. "जाऊ दे, पुढे चल," मी म्हणाले.

"आई, थांब ना. आपण आत आलो तेव्हा ते घाबरलं नव्हतं, असं लिहिलंय. जवळ गेल्यावर घाबरलं. म्हणजे आपल्याकडचं काहीतरी त्याला नको आहे."

तिने इन्व्हेंटरी मागवली आणि एकेक वस्तू खाली ठेवून पुन्हा प्रयत्न करू लागली. काठी खाली ठेवली आणि पाखरू पिंजऱ्यात आले.

तेच वाक्य मी तीनदा ऐकले होते, पण त्याचा अर्थ एकदाही मनावर घेतला नव्हता. त्या रात्री फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. "शाळा कशी चालली आहे?" या प्रश्नावर "बरी" म्हणण्यापूर्वी ती हल्ली क्षणभर थांबते, हेही मी कित्येकदा ऐकलेच होते. दुसऱ्या दिवशी मी ठरलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारले, "तू 'बरी' म्हणण्याआधी थांबतेस. का गं?" बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग कळले, की तिच्या जिवलग मैत्रिणीने शाळा बदलली होती आणि दोन महिने ती मधल्या सुट्टीत डबा एकटीच खात होती. मी तेराशे मैलांवरून काय करू शकणार होते? ऐकू शकत होते. आणि त्या दिवशी ऐकले.

आणखी काही सूचना

धोक्याचे काही करण्यापूर्वी खेळ जतन करावा. त्यासाठी सेव्ह आणि तेथून पुन्हा सुरू करण्यासाठी रिस्टोअर या आज्ञा बहुतेक आवृत्त्यांत असतात. नव्या खेळांत अनडू लिहून शेवटची चाल मागेही घेता येते. एखाद्या ठिकाणी अडलात, तर लगेच उत्तर शोधू नये. न तपासलेल्या दिशा पाहाव्यात, न वापरलेल्या वस्तू आठवाव्यात आणि खेळ एक-दोन दिवस बाजूला ठेवावा. भाजी निवडताना अचानक उत्तर सुचण्याचा आनंद काही वेगळाच असतो.

अ‍ॅडव्हेंचरनंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९७७ पासून घडलेला झॉर्क अवश्य पाहावा; त्याला पूर्ण वाक्येही समजतात. अगदी नवख्यांसाठी अँड्र्यू प्लॉटकिन याचा द ड्रीमहोल्ड हा २००४ मधील खेळ उत्तम, कारण तो खेळता खेळता आज्ञा शिकवतो. यातील बहुतेक खेळ विनामूल्य मिळतात आणि संकेतस्थळावर थेट खेळता येतात. काही उतरवून घ्यायचे झाल्यास विश्वासार्ह ठिकाणाहूनच घ्यावे, आणि बँकेच्या संगणकावर मुळीच नाही, हे आपणांस सांगणे न लगे. शेजारी शब्दकोश ठेवल्यास मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजीही नकळत सुधारते.

आमच्या खात्यावर साडेतीनशेपैकी दोनशे सत्तर गुण जमा आहेत. सापाचे काय झाले, ते मी सांगणार नाही. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या वस्तूंतच आहे. ते आपणच शोधावे.

गेल्या महिन्यात माझ्या साताऱ्याच्या बदलीचा आदेश आला. आनंदाने तो मी लेकीला वाचून दाखवला. ती आता आठवीत आहे. क्षणभर थांबून तिने विचारले, "म्हणजे आता फोनवर खेळायचं नाही?"

त्या थांबण्याचा अर्थ मला या वेळी लगेच कळला. "खेळायचं तर," मी म्हणाले, "शेजारी बसून."

"चालेल. पण वाचणार मीच. तू नकाशा काढायचास."