रुबीवर ओरडणाऱ्यांची मुलं

२०२५ सालचा बालदिन झाला. गुलाबाची फुलं, भाषणं, नेहरू टोपीतली चिमुरडी, सगळं रीतसर पार पडलं. १४ नोव्हेंबर हाच दिवस अमेरिकेतल्या अनेक शाळा रुबी ब्रिजेसच्या नावाने पाळतात आणि मुलं त्या दिवशी चालत शाळेत जातात. १९६० साली याच दिवशी सहा वर्षांची रुबी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात न्यू ऑर्लीन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली. २०२५ साली त्या घटनेला ६५ वर्षं झाली, म्हणून ते प्रसिद्ध चित्र पुन्हा सगळीकडे फिरलं: पांढऱ्या फ्रॉकमधली कृष्णवर्णीय मुलगी आणि तिच्या पुढे-मागे चालणारे चार मार्शल. नॉर्मन रॉकवेलचं हे चित्र जानेवारी १९६४ मध्ये 'लुक' मासिकात आलं. त्यात मार्शलांची डोकी चौकटीबाहेर कापलेली आहेत, भिंतीवर शिवी आहे आणि फेकलेल्या टोमॅटोचा डाग आहे. टोमॅटो फेकणारे मात्र चित्रात कुठेच नाहीत.

मला कुतूहल आहे ते त्यांच्याबद्दल. रुबीच्या धैर्याच्या गोष्टी भरपूर सांगून झाल्या आहेत.

न्यू ऑर्लीन्सच्या विल्यम फ्रांट्झ शाळेबाहेर रोज जमणाऱ्या त्या गर्दीत बायका पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचजणी आया होत्या. शिव्याशापांचा गजर इतका ठरलेला असे की वर्तमानपत्रं त्यांना 'चीअरलीडर्स' म्हणू लागली. हा प्रकार पाहायला स्वतः लेखक जॉन स्टाइनबेक तिथे गेला होता. एका बाईने शवपेटीत ठेवलेली काळी बाहुली रुबीसमोर धरली. दुसरी तिला विष घालायची धमकी देई, म्हणून रुबीने घरचाच डबा खायचा असं ठरलं. या बायका संध्याकाळी घरी जाऊन आपल्या मुलांना जेवायला वाढत असतील, अभ्यास घेत असतील. ती मुलं काय शिकली?

आत शाळेत रुबी एकटी होती. गोऱ्या पालकांनी मुलं काढून नेली होती. तिला शिकवायला तयार झाल्या त्या बॉस्टनहून आलेल्या एकट्या बार्बरा हेन्री. वर्षभर एक बाई आणि एक विद्यार्थिनी, असा तो वर्ग चालला. डबा संपला तर कँटीनमध्ये इतर मुलांबरोबर बसता येईल, असा सहा वर्षांच्या मुलीचा हिशोब. म्हणून ती सँडविच कपाटात लपवायची आणि दूध डिंकाच्या बरणीत ओतायची. उंदीर-झुरळं झाली तेव्हा ते उघडकीला आलं.

रॉबर्ट कोल्स नावाचा तरुण मानसोपचारतज्ज्ञ तेव्हा मिसिसिपीत हवाई दलाच्या नोकरीत होता. त्याने ती गर्दी पाहिली आणि ठरवलं की या मुलीला भेटत राहायचं. झोप, भूक, भीती, अशी लक्षणं तो शोधत होता. ती फारशी सापडेनात, म्हणून त्याने कागद आणि रंगखडू पुढे केले. मला या सगळ्या कहाणीत कोल्सचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. रुबीच्या चित्रांतली गोरी माणसं उंच आणि धडधाकट असत. तिच्या स्वतःच्या रंगाची माणसं मात्र लहान, आणि कुणाला कान नाही, कुणाला हात अपुरा. गर्दीसमोर न डगमगणारी मुलगी कागदावर स्वतःला अपुरी काढत होती. तिच्या घरी कुणी तिला तसं सांगितलेलं नव्हतं.

केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४०च्या दशकात २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवून हेच पाहिलं होतं. बहुतेकांना गोरी बाहुली चांगली वाटली. शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा तळटिपेत उल्लेख केला. रुबीचा जन्मही त्याच वर्षीचा.

'मुलं निरागस असतात, त्यांना रंग कळतच नाही' असं आपण म्हणतो. हे मोठ्यांच्या सोयीचं आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००६ साली तीन महिन्यांच्या बाळांना चेहरे दाखवले. गोऱ्यांत वाढणारी बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहत, इथिओपियात वाढणारी तिथल्या चेहऱ्यांकडे. पण इथिओपियाहून इस्रायलमध्ये आलेल्या आणि दोन्ही प्रकारची माणसं रोज पाहणाऱ्या कुटुंबांतल्या बाळांनी असा भेद केला नाही. याला काही द्वेष म्हणता येणार नाही, ही नुसती सवय आहे. पुढे तिला अर्थ चिकटवतात ते घर आणि गल्ली.

त्याच साली बॅरन आणि बनाजी या संशोधकांनी सहा वर्षांची मुलं, दहा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं तपासली. वंशाबद्दलचा मनात दडलेला कल तिन्ही वयांत जवळपास सारखाच निघाला. वयाबरोबर कमी होत गेलं ते उघड बोलून दाखवणं. आणखी एका प्रयोगात चेहऱ्यांच्या फोटोंतला एक ओळखायचा खेळ होता. कमीत कमी प्रश्नांत. दहा-अकरा वर्षांची मुलं 'तो गोरा आहे का?' हा सोपा प्रश्न विचारायचंच टाळू लागली आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांकडून हरली. शिष्टाचार शिकली होती बिचारी.

आपल्याकडे हा शिष्टाचारही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. व्यासपीठावर आपण ते अभिमानाने सांगतो आणि बारशाला गेलो की पाळण्यात वाकून पहिली चौकशी रंगाची करतो. मणिपूर-मिझोरामहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना कुठली हाक ऐकावी लागते, हे वाचकांना ठाऊक आहे.

मग करायचं काय? 'सगळे सारखेच असतात, बाळा' हे पुरत नाही. टेक्सासमधल्या बर्जिट व्हिट्रप या संशोधिकेने गोऱ्या पालकांना मुलांशी वंशाबद्दल उघड बोलायला सांगितलं, तर काही कुटुंबं अभ्यासातूनच बाहेर पडली. उरलेल्यांतले बरेचजण गुळमुळीत दोन वाक्यं बोलून मोकळे झाले. २०२३ साली फ्लोरिडातल्या एका शाळेने रुबीवरचा चित्रपट दाखवणं थांबवलं. एका पालकाची तक्रार होती की यातून मुलं असं शिकतील की गोरे लोक कृष्णवर्णीयांचा द्वेष करतात. म्हणजे रुबी चालेल, गर्दी नको. माझं मत उलट आहे. मुलांना ती गर्दीच दाखवावी, आणि ती राक्षसांची नव्हती, शेजारपाजारच्या माणसांची होती हेही सांगावं.

रुबीला तर ते सहाव्या वर्षीच कळलं. शाळेत परत आलेली मोजकी गोरी मुलं दुसऱ्या खोलीत वेगळी बसवलेली होती. पुढे कधीतरी भेट झाली तेव्हा त्यांतल्या एका मुलाने सांगून टाकलं की आईने तुझ्याशी खेळू नको म्हटलंय, तुझ्या रंगामुळे. रुबी नंतर अनेकदा सांगत आली आहे की तिला त्याचा राग आला नाही. तिच्या आईने असं बजावलं असतं तर तिनेही ऐकलं असतं. वंशद्वेष हा मोठ्यांचा आजार आहे, असं ती म्हणते ते या अनुभवावरून.

ती भेट आपोआप घडली नव्हती. हेन्रीबाई मुख्याध्यापिकेच्या मागे लागल्या होत्या की मुलं वेगळी ठेवणं बेकायदा आहे, एकत्र आणा, नाहीतर वर तक्रार करते. शाळेने त्यांना पुढच्या वर्षी बोलावलं नाही. रुबी दुसरीत गेली तेव्हा मार्शल नव्हते, बाहेर गर्दी नव्हती, वर्गात दोन्ही रंगांची मुलं होती. नव्या बाईंची तक्रार एवढीच, की हिचे उच्चार बॉस्टनच्या लोकांसारखे आहेत.